कुलूपबंद घराचा पंचनामा

माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे की मी दूधवाल्याच्या मापात डोकावून बघते आणि देवळातला प्रसादही आधी वास घेऊन मगच तोंडात टाकते. ते खरं आहे. संशय घेणं हा माझा स्वभावच आहे आणि पंचवीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवून तो आणखी पक्का झालाय. पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोराचं पोट खरंच दुखतंय का, हे मी त्याच्या दप्तराकडे बघून सांगू शकते. दप्तर आधीच भरून तयार असेल तर पोट ठणठणीत असतं. अशा बाईला सरकारने मतदारयादीचं काम दिलं तेव्हा योग्य जागी योग्य माणूस नेमला, असं मला मनापासून वाटलं होतं.

हे काम काय असतं ते थोडक्यात सांगते. एका मतदान केंद्राची यादी तुमच्या ताब्यात येते. घरोघर जायचं, कोण वारलं, कोण नवीन आलं, कोण घर सोडून गेलं ते लिहायचं, फॉर्म भरून घ्यायचे. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल मांडून बसायचं आणि लोकांना यादीतला त्यांचा नंबर शोधून द्यायचा. हे सगळं शाळा सांभाळून. माझ्या यादीतली अर्धी नावं शाळेसमोरच्या सोसायट्यांतली आणि अर्धी शाळेमागच्या, नाशिकच्या नासर्डी नदीच्या काठावरच्या वस्तीतली.

टेबलावर बसायला लागल्यापासून एक गोष्ट मला खटकायची. सोसायटीतले लोक नाश्ता उरकून, गर्दी आहे का हे कोणाला तरी फोनवर विचारून, एकेकटे यायचे. बरेच यायचेच नाहीत. वस्ती मात्र सात वाजायच्या आत रांगेत हजर असायची. बायका धुतलेली साडी नेसून, केसांना तेल लावून, हातात कार्ड धरून उभ्या. कोणी त्या दिवसाची मजुरी बुडवलेली, कोणी चार घरची धुणीभांडी पहाटेच उरकलेली. ज्यांना नळाचं पाणी एक दिवसाआड तासभर मिळतं, त्यांना मत द्यायची एवढी हौस कुठून येते? मनात शंकेची पाल चुकचुकायची. उत्तर माझ्याकडे तयारच होतं: पाकीट. स्टाफरूममध्ये मी ते दरवेळी छातीठोकपणे सांगायची आणि कोणी वाद घालायचं नाही.

म्हणून रांगेकडे मी डोळ्यांत तेल घालून बघत बसायची. कोपऱ्यावर कोणता कार्यकर्ता उभा आहे, कोणती बाई त्याच्याकडे बघून मान हलवते, मतदान करून आल्यावर कोण कुणाला बोट दाखवतं. बोट तर सगळेच दाखवायचे. मला त्यातही खूण दिसायची.

मागच्या विधानसभेच्या आधी यादीची तपासणी निघाली. सप्टेंबर संपत आला होता. मी रोज शाळा सुटली की वस्तीत जायची. तिथं माझा संशय कमी आणि लोकांचा माझ्यावरचा संशय जास्त, अशी परिस्थिती होती. मी गल्लीत शिरले की बोलणी थांबायची. "कशाला लिहिता?" हा पहिला प्रश्न. मतदारयादीचं काम आहे, असं मी सांगायची. "हां, यादीचं," असं म्हणून बायका एकमेकींकडे बघायच्या आणि मग फक्त विचारलं तेवढंच, तेही तुकड्यातुकड्यांनी सांगायच्या. घरात किती माणसं? हायेत. किती? हायेत चार-पाच. मला वाटायचं, या लपवतायत. कोणाकोणाची नावं दोन-दोन ठिकाणी असणार.

तिसऱ्या गल्लीत एका खोलीला कुलूप होतं. यादीत एका बाईचं नाव होतं, वय पंचावन्न. शेजारच्या दारात एक बाई गोळ्या-बिस्किटांचं छोटं दुकान मांडून बसलेली असायची. तिला मी विचारलं.

"इथं कोन नाय राहत," ती म्हणाली.

"यादीत तर नाव आहे."

"असंल. गेली ती."

"कुठं?"

"काय म्हाईत. लय दिस झाले."

मी दुसऱ्यांदा गेले, कुलूप. तिसऱ्यांदा गेले, कुलूप. तिन्ही वेळा शेजारणीने तेच सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता, बरणीचं झाकण पुसत. नियमाप्रमाणे मी पंचनामा केला. सदर महिला दिलेल्या पत्त्यावर राहत नसल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले, असं लिहिलं. शेजारणीने पहिली सही केली. पलीकडच्या म्हाताऱ्याने अंगठा दिला. सही तिने इतक्या झटकन केली की एरवी माझ्या कपाळावर आठी पडली असती. या वस्तीत कागदावर सही मिळवायला मला एकेका दारात पंधरा मिनिटं घासाघीस करावी लागायची. पण त्या दिवशी पाय दुखत होते, अजून अठ्ठावीस घरं राहिली होती, आणि एक नाव निकाली निघत होतं. संशयी माणूसही सोयीचं असलं की पटकन विश्वास ठेवतो. मी तेच केलं.

पुढे कार्यालयातून त्या पत्त्यावर नोटीस गेली. "येथे राहत नाही" असा शेरा घेऊन ती परत आली. पोस्टमनलाही तेच सांगितलं गेलं असणार, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. नाव वगळलं गेलं.

मतदानाच्या दिवशी साडेआठच्या सुमाराला एक बाई माझ्या टेबलासमोर आली. ठेंगणी, काळीसावळी, डोक्यावरून पदर. बोटांच्या पेरांना भेगा पडून त्या काळ्या झालेल्या, द्राक्षबागेतल्या मजुरांच्या होतात तशा. तिने कंबरेची पिशवी सोडून कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"चिठ्ठी घरी नाय आली या वेळंला. नंबर सांगा, बाई."

मी यादी पुढे ओढली. कार्डावरचं नाव वाचलं. ते नाव मला यादीत शोधायची गरज नव्हती. ते कुठल्या कागदावर आहे हे मला पाठ होतं. तरी मी पानं उलटत राहिले.

"नाव दिसत नाही, मावशी."

"नीट बघा. खालच्या पानावर असतंय माझं."

मी खालचं पान दाखवलं. ती वाकून बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण आपल्या नावाजवळचा फोटो ती ओळखायची. फोटो नव्हता. मग ती थेट आत गेली. आतल्या अधिकाऱ्यानेही तेच सांगितलं: कार्ड असून उपयोग नाही, यादीत नाव पाहिजे. तिचा आवाज बाहेर माझ्यापर्यंत येत होता. ती भांडत नव्हती. ती पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "मी हाय की हितं. बघा ना, मी उभी हाय."

बाहेर आल्यावर ती गेली नाही. माझ्या टेबलाच्या बाजूला, शाळेच्या पायरीवर बसली. गल्लीतल्या बायका मत देऊन बाहेर यायच्या, तिच्याकडे बघायच्या आणि पुढे जायच्या. दुपारी उन्हाने पायरी तापली तेव्हा ती सावलीला सरकली. साडेपाच वाजता, दार बंद व्हायच्या आधी, ती पुन्हा आत गेली. मीही मागे गेले. तिने डावा हात पुढे केला आणि अधिकाऱ्याला म्हणाली, "साहेब, मत नका घेऊ. नुसती शाई तरी लावा."

अधिकारी हसला. मला हसू आलं नाही. मी मनात म्हटलं, बघा, कुठंतरी पाणी मुरतंय. शाई दाखवल्याशिवाय पाकीट मिळत नसणार. इतकं स्पष्ट उत्तर समोर आल्यावर माझ्या मनावरचं ओझंही जरा हलकं झालं. मत विकायला आलेल्या बाईचं नाव गेलं तर एवढं वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं. शाई लावली नाहीच. ती हात तसाच धरून निघून गेली.

चार दिवसांनी ती मधल्या सुट्टीत शाळेत आली. वर्गाच्या दाराशी चप्पल काढून उभी राहिली, मी बसा म्हटलं तरी बाकावर बसली नाही.

"बाई, माझं नाव कोनी काढलं?"

"घर बंद होतं. मी तीनदा येऊन गेले. चौकशी केली, मग कार्यालयाने काढलं." मी सगळं एका दमात, खालच्या मानेनं सांगितलं. कार्यालय हा शब्द मी मुद्दाम जोर देऊन उच्चारला. मनात भीती होती ती कारणे दाखवा नोटिशीची. हिला कोणीतरी शिकवून पाठवलंय, हिच्यामागे कोण आहे, तक्रार कुठं जाणार, हेच मी मोजत होते.

"मी तर दिंडोरीला होते. छाटनीच्या टायमाला टोळीसंगं जाते मी दरसाल. छाटलेल्या काड्यांना डोळं फुटायला पेस्ट लावायचं काम असतंय. बागंतच राहतो आम्ही, महिना-सव्वा महिना. हे तर समद्या गल्लीला ठावं हाय. तुम्ही कोनाला इचारलं?"

"शेजारीपाजारी," मी म्हटलं आणि थांबले. नाव सांगितलं नाही. त्यात शेजारणीचा विचार होता असं मी म्हणणार नाही. पंचनामा काढावा लागू नये, एवढंच मला हवं होतं.

मग मी आडूनआडून न विचारता सरळच विचारलं, "मावशी, खरं सांगा. एवढी धडपड पाकिटासाठीच ना? म्हणूनच शाई लावा म्हणत होतात?"

मला वाटलं आता शिव्या देईल. ती अगदी शांतपणे म्हणाली, "पाकीट तर मत द्यायच्या आधीच येतंय, बाई. घरटी देत्यात. कधी येतं, कधी येत नाय. आलं तर घेते, का सोडू? पन त्याच्यासाठी कोन बागेतली मजुरी बुडवून, टेम्पोचं भाडं भरून येईल? मत मी कोनाला देते ते माझ्या पोरीलाबी ठावं नाय."

"मग शाई कशाला?"

तिने पिशवीतून एक जुडगा काढला. मतदानाच्या चिठ्ठ्या होत्या. गावाकडच्या ग्रामपंचायतीच्या नव्हेत, सगळ्या इथल्या, महापालिकेच्या, विधानसभेच्या, लोकसभेच्या. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्याला भोक पाडून त्या जाड दोऱ्याने एकीला एक शिवल्या होत्या. खालच्या पिवळ्या पडून घडीवर फाटलेल्या. ती एकेक उलटत बोलत होती. तिचं बोलणं मी माझ्या शब्दांत सांगते, कारण ते पोरांच्या गोंगाटात तुटक तुटक झालं होतं. वस्ती पूररेषेच्या आत आहे. नदीकाठच्या पहिल्या दोन रांगा पूर्वी उठवल्या तेव्हा जुन्या यादीत ज्यांची नावं होती त्यांना खोल्या मिळाल्या. ज्यांची नव्हती ते सामान घेऊन रस्त्यावर आले. तिची नणंद त्यांच्यातली एक. तिने दोन निवडणुकांना मत दिलं नव्हतं, तिचं नाव यादीतून गेलं होतं, आणि खोलीही गेली. त्या वर्षापासून गल्लीत सगळ्यांना एकच माहीत आहे: मत दिलं नाही की नाव कापतात, नाव कापलं की घर जातं. आता सिंहस्थ कुंभमेळा जवळ आलाय, नदीकाठचे रस्ते रुंद होणार आहेत. ती त्या दिवशी बोटाला शाई न लागता गल्लीत परत गेली आणि दुसऱ्याच दिवशी एकाने येऊन सांगितलं, खोली सोडणार असशील तर आधी आम्हाला सांग.

"तुमच्या शाळेत हजेरी असती ना, बाई? तशी आमची ही हजेरी. पाच वर्सांत दोन-तीनदा लागती. चुकवून चालत नाय."

"मत दिलं नाही म्हणून नाव कापत नाहीत, मावशी. असा नियमच नाही."

"मग माझं कसं कापलं? मी तर एकबी चुकवलं नाय."

घंटा झाली म्हणून बरं झालं. मी कपाटातून कोरा फॉर्म काढून दिला आणि म्हटलं, हा भरू, नाव पुन्हा येईल. मी तिला वाचून दाखवला. नवीन मतदार म्हणून नोंदणीचा अर्ज, एवढं ऐकलं आणि तिने हात मागे घेतला.

"नवीन? मी काय काल आले व्हय नाशकात? नवीन म्हून सही केली तर उद्या म्हनतील ही आत्ताच आली. मी नाय सही करत. माझं जुनं नाव परत लावा."

जुना क्रमांक परत लावायची सोय नसते. मी ते परोपरीने सांगितलं. तिला पटलं नाही आणि तिच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं. चिठ्ठ्या पिशवीत भरून ती निघून गेली. पुढचे काही दिवस मी तक्रारीची वाट बघत काढले. तक्रार आली नाही, पण माझी झोप उडाली ती उडालीच.

शेवटी मीच तिच्या गल्लीत गेले. कारण चांगलं होतं, तिला समजावणं. पण पर्समध्ये मी पंचनाम्याची झेरॉक्स घेतली होती, हेही सांगायला हवं. वेळ पडली तर दाखवू, मी माझं काम नियमाने केलंय, चूक माझी नाही.

ती दारात तांदूळ निवडत होती. शेजारीण तिच्या दुकानात. मला बघून शेजारीण आत जाऊ लागली, तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एवढे दिवस मी एकटी जीव टांगणीला लावून बसले होते आणि ही मजेत गोळ्या विकत होती. "थांबा," मी म्हटलं, आणि कागद काढून सगळ्या गल्लीसमोर वाचला. सदर महिला दिलेल्या पत्त्यावर राहत नसल्याचे. खाली सही कोणाची, तेही वाचलं. वाचून झाल्यावर माझं मन थंड झालं. अशी वेळ कोणावर आणू नये हे मला कळत होतं, पण ती आणताना बरंही वाटत होतं.

शेजारीण पांढरीफटक पडली. "मला काय ठावं," ती पुटपुटली. "मला वाटलं कुंभमेळ्याची मोजनी हाय. मागं एक मानूस आला होता त्यानंबी यादीचंच काम सांगितलं होतं. आनि आठ दिसांनी घरं पाडायसाठी समद्या दारांवर पिवळे नंबर टाकून गेले. बंद घर दिसलं का आधी तेच लिहून घेत्यात, म्हून मी म्हनलं इथं कोन राहतच नाय. मानूसच नाय तर नोटीस कोनाला देतील? टपालवाल्यालाबी तेच सांगितलं."

मी त्या बाईकडे बघितलं. सुपातले तांदूळ तिने खाली ठेवले होते. आता दोघींत जुंपणार, याची मला खात्री होती. ती उठली, माझ्या हातातून झेरॉक्स घेतली, उलटी-सुलटी करून बघितली आणि सहीवर बोट ठेवलं.

"ही तिची?"

"हो."

"बरोबर हाय की मग," ती म्हणाली. "तिच्या दाराशी कोन कागद घेऊन आलं तर मीबी हेच सांगते. बचत गटाचे वसुलीवाले येऊ द्या, लाइटवाले येऊ द्या. इथं कोन नाय राहत. आमी समदेच असं सांगतो, बाई. तिनं माझं घर राखलं." मग शेजारणीकडे वळून ती म्हणाली, "खुळे, यादीवाली बाई येती तवा फोन तरी लावायचा ना मला." शेजारीण रडायला लागली. तिने पाण्याचा तांब्या तेवढा पुढे केला.

मी तिथं उभी होते आणि माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मला लाज वाटली. त्या गल्लीत खोटं बोलून एकमेकींना वाचवायची रीत होती आणि मी खरं वाचून दाखवून एकीला उघडी पाडली होती. तीन वेळा त्या दाराशी जाऊनही मी शेजारणीला एवढंही सांगितलं नव्हतं, की तुम्ही नाही म्हणालात तर हिचं मत जाईल. सांगितलं असतं तर कदाचित तिने विश्वास ठेवला नसता. पण मी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी एक काम केलं, ज्याचं मला अजून समाधान आहे. मतदारयाद्यांच्या जुन्या प्रती शोधल्या. काही संकेतस्थळावर मिळाल्या, काहींसाठी कार्यालयातल्या कपाटापुढे धूळ खात दोन शनिवार बसले. तिथला क्लार्क म्हणाला, "मॅडम, एका बाईसाठी?" मी म्हटलं, "एका पंचनाम्यासाठी." तिचं नाव असलेलं प्रत्येक पान मी छापून घेतलं आणि सगळ्या पानांवर तिच्या नावाखाली लाल रेघ मारली. तो गठ्ठा तिच्या हातात ठेवला तेव्हा ती प्रत्येक पानावर आपला फोटो शोधत बसली. सगळ्यात जुन्या पानांवर फोटोच नव्हते, तिथं मी बोट ठेवून नाव वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मी खोटं वाचतेय का, हे ती माझ्या तोंडाकडे बघून तपासत होती. ती नजर मी चांगली ओळखते.

मग तिने फॉर्मवर सही केली. सही म्हणजे नावाची पहिली दोन अक्षरं, तेवढीच तिला येतात. शेजारणीने तिच्या हाताखाली पुठ्ठा धरला.

महापालिकेच्या निवडणुकीला ती बागेतून आदल्या दिवशीच आली. सकाळी पावणेसातला ती आणि शेजारीण रांगेत पहिल्या दहांत होत्या. मी तिचं नाव शोधून दिलं. नवीन फोटोत ती घाबरल्यासारखी दिसत होती. या वेळी चार जागा होत्या आणि चार वेळा बटण दाबायचं होतं. "चारी दाबले," ती बाहेर आल्यावर म्हणाली, "कोनाचे ते नका इचारू." तिने बोट माझ्यापुढे धरलं. बाटलीतल्या शाईऐवजी पेनाने खूण केली होती. ती तिने थुंकी लावून घासून बघितली, पदराने पुसून बघितली. "हे टिकंल का गल्लीपर्यंत?" असं तिने मला अगदी मनापासून विचारलं. टिकेल, मी म्हटलं.

ती जायला निघाली आणि थांबली.

"तुमचं झालं का, बाई?"

"झालं," मी म्हटलं आणि हात यादीखाली सारला. तिने टेबलावर वाकून माझा डावा हात बाहेर ओढला. बोटं कोरी होती. इतक्या जणांवर संशय घेतला मी, पण माझ्यावर असा कोणी घेतला नव्हता. मग मी खरं सांगितलं. माझं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. दर निवडणुकीला ड्युटी असते. टपालाने मत द्यायची सोय असते, त्याचा फॉर्म भरायचा असतो, तो राहून जातो. शेवटचं मत कधी दिलं ते मला आठवत नव्हतं.

ती घाबरली. माझ्यासाठी घाबरली. "मग तुमचं नाव?"

"आहे."

"कापलं असंल. बघा आधी. बघा ना, बाई."

मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून मी मुकाट्याने मोबाइल काढला आणि माझं नाव शोधलं. लगेच आलं. नाव, पत्ता, वय, केंद्र, सगळं जागच्या जागी. तिने मोबाइल माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला.

"एकदाबी न देता?"

"न देता."

"आनि घराला कुलूप असतं का तुमच्या दिवसभर?"

"असतं," मी म्हटलं. "आम्ही दोघंही नोकरीला जातो."

तिने मोबाइल परत दिला. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती आपल्या बोटाकडे बघून म्हणाली, "मग आमचंच कसं काय जातं, बाई?"

रांग पार फाटकाच्या बाहेर गेली होती. मी मान खाली घालून पुढच्या माणसाचं नाव यादीत शोधायला लागले.